खिडकी बदलताना

बालमित्रांनो, आणि तुमच्या खांद्यावरून हे पान वाचणाऱ्या आईबाबांनो,

पुढच्या वेळी पोस्टात गेलात की तिथली खिडकी जरा नीट पाहून या. आपण बाहेर उभे, पोस्टातले काका आत. आपण पाकीट आणि पैसे आत सरकवायचे, आतून पावती बाहेर येते. आत टेबलं किती, शिक्का कुठल्या खणात ठेवतात, यातलं आपल्याला काहीच ठाऊक नसतं. ठाऊक असायची गरजही नसते. काकांच्या जागी उद्या एखाद्या ताई आल्या, वहीच्या जागी संगणक आला, तरी आपलं काम अडत नाही. कारण खिडकी तीच असते!

पण समजा, एके दिवशी खिडकीच बदलली तर? पाकीट डावीकडून नाही, उजवीकडून द्यायचं. पैसे आधी नाही, नंतर. गावातल्या प्रत्येकाला नवी पद्धत शिकावी लागेल. म्हणजे आतलं सामान बदलणं सोपं, खिडकी बदलणं अवघड. खरं ना?

संगणकाच्या प्रोग्रामांनाही अशा खिडक्या असतात, बरं का! एका प्रोग्रामला दुसऱ्याकडून काम करून घ्यायचं असलं, तर काय मागायचं, कोणत्या क्रमाने मागायचं आणि उत्तर कुठून उचलायचं, याचे नियम ठरलेले असतात. संगणकवाले त्याला ‘एपीआय’ म्हणतात. आपण आपली खिडकीच म्हणू. ब्राझील देशातल्या तीन माणसांनी अशी एक खिडकी बांधली, सात वर्षं डागडुजी करत वापरली आणि २००० साली स्वतःच ती पाडून नवी उभी केली. आज तिचीच गोष्ट.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही प्राथमिक शाळेत शिकवता, तुमचा या गोष्टीशी काय संबंध? तर तेही सांगते.

मी तिसरी-चौथीच्या वर्गाला शिकवते. शाळेत संगणक आला तेव्हा त्यावर मुलांसाठी काहीतरी करावं असं मनात आलं. शाळा सुटल्यावर बसून थोडं थोडं शिकत गेले, आणि फुकट मिळणाऱ्या एका संचाच्या मदतीने पाढ्यांचा एक खेळ बनवला. लाल फुगा, निळा फुगा, हिरवा फुगा. बरोबर उत्तराचा फुगा फोडायचा. मुलं मधल्या सुट्टीतही संगणकापाशी रांग लावायची! काही महिन्यांनी त्या संचाची नवी आवृत्ती आली, ती आम्ही बसवली, आणि खेळ सुरू करतो तो काय! सगळे फुगे पांढरेफटक. त्यांच्यावरचे आकडेही पांढरे. खेळायचं कसं?

चौथीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, खेळ तोच आहे ना? मग कालपर्यंत चालत होता, आज का नाही?”

कारण असं होतं. जुन्या आवृत्तीत रंग सांगताना ० ते २५५ असे आकडे द्यायचे. नव्या आवृत्तीत तेच ० ते १ असे द्यायचे ठरलं. माझ्या खेळातला २०० हा आकडा एकपेक्षा मोठा, म्हणजे ‘भरपूर’. लाल भरपूर, हिरवा भरपूर, निळा भरपूर, आणि तिन्ही प्रकाश एकत्र आले की होतो पांढरा! मी बदलांची यादी वाचली, एका संध्याकाळी बसून प्रत्येक आकड्याला २५५ ने भागलं, आणि फुगे पुन्हा रंगले. खेळ तोच होता, खिडकी बदलली होती.

पण त्या मुलीचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. लोक खिडकी बदलतातच का? आणि बदलायचीच असेल, तर कशी बदलावी? याचं उत्तर शोधता शोधता मी त्या संचाच्या पोटात असलेल्या ‘लुआ’ नावाच्या भाषेपर्यंत जाऊन पोचले.

लुआ हा पोर्तुगीज शब्द. अर्थ चंद्र. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलतात. आपल्या गोव्यातही १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचं राज्य होतं, त्यामुळे तिथल्या एखाद्या आजोबांना विचारलंत, तर तेही हा अर्थ सांगतील. रिओ दि जानेरो शहरातल्या एका विद्यापीठात रोबेर्तो येरुसालिम्स्की, लुईझ एन्रिके दि फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस या तिघांनी १९९३ साली लुआ तयार केली. १९७७ ते १९९२ या काळात ब्राझीलमध्ये परदेशी संगणक आणि प्रोग्राम आणण्यावर कडक बंधनं होती. त्यामुळे आपलं साधन आपणच बनवायचं, अशी तिथल्या मंडळींना सवयच लागली होती. पेट्रोब्रास या तिथल्या तेल कंपनीच्या कामासाठी त्यांनी आधी दोन छोट्या भाषा केल्या होत्या. त्यातल्या एकीचं नाव ‘सोल’, म्हणजे सूर्य. मग तिच्या जागी येणाऱ्या भाषेचं नाव काय असावं? एका मित्राने सुचवलं, चंद्र!

लुआचं काम काय, ते गॅदरिंगच्या उदाहरणाने सांगते. शाळेचं स्टेज, पडदा, दिवे एकदाच उभे करतात. ते मजबूत हवेत. नाटकाची संहिता मात्र दरवर्षी नवी. उद्या राजाच्या तोंडचं एक वाक्य बदलायचं, तर त्यासाठी स्टेज मोडावं लागत नाही. मोठ्या प्रोग्रामांचंही असंच असतं. त्यांचा मजबूत भाग पुष्कळदा ‘सी’ भाषेत लिहितात. ही भाषा डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तयार केली. वेगवान, पण कडक शिस्तीची! आणि सारखा बदलणारा भाग, म्हणजे राक्षस केव्हा यावा, दार कशाने उघडावं, हे लुआसारख्या सोप्या भाषेत लिहितात. त्याला म्हणायचं स्क्रिप्ट. हे स्क्रिप्ट वाचून चालवणारं यंत्र म्हणजे स्क्रिप्ट इंजिन. लुआचं इंजिन इतकं छोटं आहे, की ते दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात सहज मावतं.

आता गंमत पाहा. सी आणि लुआ, दोघींचे स्वभाव अगदी वेगळे.

सीच्या घरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते. ‘साखर’ लिहिलेल्या डब्यात मीठ चालायचं नाही. लुआच्या घरात डब्यांवर चिठ्ठ्याच नाहीत. ज्या डब्यात सकाळी आकडा होता, त्यात संध्याकाळी शब्द ठेवा, चालतं. हा पहिला फरक.

दुसरा फरक साफसफाईचा. सीच्या घरात आपला पसारा आपणच आवरायचा. लुआच्या घरात सफाईच्या मावशी आहेत. जी वस्तू आता कुणालाच नको आहे, ती त्या हळूच उचलून नेतात. सोय मोठी छान! पण समजा, सीने लुआकडून एखादी वस्तू मागून घेतली आणि आपल्या हातात धरून ठेवली. मावशी तर फक्त लुआच्या घरात पाहतात. त्यांना ती वस्तू कुणाच्या कामाची आहे असं दिसलंच नाही, तर? त्या ती नेणार! आणि सीच्या हातात उरणार रिकामा कागद.

अशा दोघींच्या मधली खिडकी कशी असावी? काही भाषांनी ही काळजी बाहेरच्या माणसावर टाकली. उदाहरणार्थ, पायथन भाषेशी सीमधून बोलायचं, तर एखादी वस्तू किती ठिकाणी धरून ठेवली आहे, याची मोजणी सीमध्ये लिहिणाऱ्याने सांभाळायची. एक आकडा चुकला की घोटाळा!

लुआच्या जुन्या खिडकीवर बिल्ल्याची पद्धत होती. चपला ठेवल्यावर देवळाबाहेर बिल्ला मिळतो ना, तसा. सीने वस्तू मागितली की लुआ बिल्ला द्यायची. पण या बिल्ल्याला मुदत असे. ठरलेलं छोटं काम संपलं की बिल्ला बाद. कुणी तो खिशात जपून ठेवला आणि नंतर पुढे केला, तर त्यावर काय मिळेल याचा नेम नाही. शिवाय लुआकडून आलेल्या वस्तू एका जागी, लुआला द्यायच्या वस्तू दुसऱ्याच जागी. नियम होते सगळे, पुस्तकात लिहिलेलेही होते. पण डोळ्यांना काही दिसत नसे, लक्षात ठेवावं लागे.

दुसरी अडचण आम्हा शिक्षकांना लगेच कळेल. एकशिक्षकी शाळेत मुख्याध्यापकांनी नुसतं “हजेरी घ्या” म्हटलं तरी पुरतं, कारण हजेरीवही एकच. सुरुवातीला लुआचंही तसंच होतं. एका प्रोग्रामच्या पोटात लुआचा एकच ‘वर्ग’. पण एकाच वेळी अनेक वेगवेगळे वर्ग चालवायची गरज पडू लागली. १९९८ मधल्या ३.१ या आवृत्तीत तशी सोय झाली खरी, पण कशी? जणू व्हरांड्यातल्या एका फळ्यावर ‘आत्ता वर्ग दुसरा’ असं लिहून ठेवायचं आणि सगळ्यांनी ते पाहून काम करायचं. मधेच कुणी फळ्यावर ‘तिसरा’ लिहिलं की दुसरीची हजेरी गेली तिसरीच्या वहीत!

यावरचा उपाय साधा होता. प्रत्येक मागणी करताना आधी वर्गाचं नाव सांगायचं. “दुसरीची हजेरी घ्या.” “तिसरीची घंटा द्या.” फळाच नको. पण मग खिडकीवरचं प्रत्येक वाक्य बदलणार! तोवर जगात जिथे जिथे सीमधून लुआशी बोलणारे प्रोग्राम लिहिले होते, तिथे तिथे लोकांना बसून ते दुरुस्त करावे लागणार. माझ्या फुग्यांची दुरुस्ती एका संध्याकाळची होती. काहींची कित्येक दिवसांची असणार.

इथे त्या तिघांनी जो विचार केला, तो मला फार आवडला. लोकांना एकदा त्रास होणारच आहे, तर थोडं आज, थोडं पुढच्या वर्षी असं करायचं नाही. खिडकीत जे जे खटकतं, ते एकदाच नीट बांधून काढायचं. म्हणून बिल्ल्याची पद्धतही त्याच वेळी गेली. नोव्हेंबर २००० मध्ये लुआची ४.० ही आवृत्ती निघाली, नवी खिडकी घेऊन!

ही नवी खिडकी कशी? शाळेत खिचडीच्या वेळी ताटांची चळत लावतात ना, अगदी तशी. खिडकीत एक चळत ठेवलेली. सीला काही द्यायचं असेल, तर तिने ते वर ठेवायचं. लुआला उत्तर द्यायचं असेल, तर तिनेही तिथेच वर ठेवायचं. खालून मोजायचं तर पहिलं, दुसरं, तिसरं. वरून मोजायचं तर उणे एक, उणे दोन. सगळ्यांत वरचं ताट नेहमी उणे एक. चळतीतल्या ताटात काहीही असू शकतं, आकडा, शब्द, नाहीतर आख्खं कोष्टक. सीने आधी विचारायचं, “तिसऱ्या ताटात आकडा आहे का?” हो म्हटलं तर तो आपल्या आकड्याच्या डब्यात उतरवून घ्यायचा. म्हणजे डब्यांचा प्रश्न सुटला. आणि मावशींचं काय? ही चळत लुआच्याच घरातली. त्यामुळे मावशींना ती दिसते, आणि चळतीवर असलेल्या वस्तूला त्या हात लावत नाहीत. एका चळतीने दोन्ही भांडणं मिटवली!

आता एक करून पाहा. जुन्या वहीचे पुठ्ठे कापून चार पत्ते करा. त्यांवर लिहा: ‘बेरीज’, ‘७’, ‘५’ आणि ‘१२’. तुम्ही सी व्हा, धाकट्या भावाला किंवा बहिणीला लुआ करा. टेबलाचा रिकामा कोपरा म्हणजे खिडकी. ‘१२’ चा पत्ता लुआच्या हातात द्या.

पहिल्यांदा तुम्ही ‘बेरीज’ ठेवा. तिच्यावर ‘७’, त्यावर ‘५’. आता म्हणा, “वरच्या दोन वस्तू घे, काम कर, एक उत्तर दे.” लुआने तिन्ही पत्ते उचलायचे आणि त्या जागी ‘१२’ ठेवायचा. तुम्ही उणे एकवर पाहा, बारा! नुसतं पाहिल्याने पत्ता हलत नाही, म्हणून शेवटी तो तुम्हीच उचला. कोपरा पुन्हा रिकामा. सीमधून लुआला हाक मारताना खरोखर हेच, याच क्रमाने घडतं.

आता मुद्दाम शेवटचा पत्ता उचलू नका आणि तसंच खेळत राहा. थोड्या वेळाने खालून मोजलेले तुमचे क्रमांक चुकायला लागतील. चळतीचा हाच तोटा. आपण किती ठेवलं आणि किती उचललं, याचा हिशेब पक्का हवा. लिहिलेला प्रोग्राम वाचतानाही चळतीवर या घडीला काय आहे, हे मनात धरून ठेवावं लागतं. काहीच त्रास नसलेली खिडकी अजून कुणी बांधलेली नाही. पण एखादा दिसणारा, मोजता येणारा त्रास आणि एखादा लपलेला त्रास यांत निवड करायची, तर आम्ही शिक्षक दिसणाराच घेऊ. फळ्यावरची चूक दाखवून देता येते, मनातली दाखवता येत नाही.

पण ज्यांना नव्या खिडकीशी जुळवून घ्यायचं नव्हतं, किंवा तेवढा वेळ नव्हता, त्यांचं काय झालं? लुआ दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात राहते, हे आठवतंय ना? १९९८ साली ‘ग्रिम फँडँगो’ नावाचा एक गाजलेला खेळ आला होता. त्याच्या पोटात त्या वेळची लुआ होती. २००० मध्ये ब्राझीलमध्ये खिडकी बदलली म्हणून विकल्या गेलेल्या त्या खेळातली खिडकी बदलली नाही. ज्याला नवं हवं त्याने, त्याला जमेल तेव्हा घ्यावं. आजही लुआच्या संकेतस्थळावर तिच्या जुन्या आवृत्त्या मांडून ठेवलेल्या आहेत, अगदी १.० पासून. कोणती आवृत्ती कशी, याची पुस्तकंही तिथे आहेत. आणि मोठा बदल झाला की क्रमांक ठळकपणे बदलतो, ३ चा ४ होतो, म्हणजे दारातच पाटी दिसते.

चळतीची पद्धत पुढे टिकली. २००३ मध्ये लुआ ५.० आली, त्यानंतर आणखी आवृत्त्या आल्या, खिडकीत लहानमोठे बदल झाले, पण चळत गेली नाही. २००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात खेळणारे लोक स्वतःच्या सोयीच्या गोष्टी लुआमध्ये लिहू लागले. २०१३ पासून विकिपीडियाच्या पानांमागेही लुआ काम करते आहे, आणि आपल्या मराठी विकिपीडियावरही ती सोय आहे. म्हणजे सहामाहीच्या प्रकल्पासाठी तुम्ही तिथे एखादा किल्ला शोधत असाल, तेव्हा हा ब्राझीलचा चंद्र कदाचित पानामागे उभा असेल!

लुआच्या त्या तिघांनी २०११ मध्ये एक लेख लिहिला. त्याच्या नावात सुईच्या नेढ्याची उपमा आहे. आख्खी भाषा या छोट्या खिडकीतून, जणू नेढ्यातून, ओवता आली पाहिजे असं ते म्हणतात. भाषेत नवीन काही घालायचं ठरलं, की ते आधी विचारतात, हे खिडकीतून पलीकडे देता येईल का? बाहेरच्याला वापरता येणार नसेल, तर ती गोष्ट वेगळ्या रीतीने करता येते का ते पाहतात. घर बांधून झाल्यावर कुठेतरी भोक पाडून खिडकी बसवायची, असं नाही. खिडकी ठरवते की घर कसं असेल.

आता आईबाबांसाठी दोन शब्द. मुलं संगणकावर ‘नुसते खेळ’ खेळतात, अशी तुमची तक्रार असते, आणि ती पुष्कळदा खरीही असते. पण एखाद्या दिवशी मूल “हे असं का झालं?” म्हणून विचारत आलं, तर तो प्रश्न परतवू नका. उत्तर तुम्हाला येत नसलं तरी चालेल. बदलांची यादी दोघांनी मिळून वाचता येते. त्यातून मूल एवढं नक्की शिकेल, की यंत्र लहरीने वागत नाही. कुठेतरी कुणीतरी काहीतरी ठरवलेलं असतं, आणि ते शोधून काढता येतं.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. सुट्टीत तुम्ही लगोरी खेळता, क्रिकेट खेळता, आणि मधेच कुणीतरी ओरडतं, “आजपासून नियम बदलला!” मग भांडण. पुढच्या वेळी नियम बदलायचा झाला, तर आधी तीन प्रश्न विचारून बघा. जुन्या नियमाने खरंच कुणाचं अडतंय का? बदल डाव सुरू होण्याआधी सगळ्यांना, अगदी उशिरा येणाऱ्यालाही, कळणार आहे का? आणि जो धाकटा आत्ताच जुना नियम शिकलाय, त्याला दोन डाव जुन्या नियमाने खेळू देणार का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ आली, तर खुशाल बदला. मात्र एकदाच, नीट बदला. रोज रोज नको!